लाँचला मागची चाकं जागेवरच फिरतात? ताकदवान पिकअपसाठी तपासणीचा क्रम

सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) बसवलेला पिकअप ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीच्या पट्टीवर, हिरव्या दिव्याला सुटतो, मागची चाकं धूर काढत जागेवर फिरतात आणि शेजारच्या लेनमधली निम्म्या ताकदीची गाडी पुढे निघून जाते. डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींचे असे ट्रक माझ्या गॅरेजात सतत येतात. पुढे जे सांगतो ते मुख्यतः २०१८ ते २०२० च्या फोर्ड एफ-१५० बद्दल आहे: रेग्युलर कॅब, छोटा हौदा, मागच्या चाकांना ड्राइव्ह, ५.० लिटर व्ही-८ आणि वरून सुपरचार्जर. कंपनीतून ३९५ हॉर्सपॉवर घेऊन निघालेलं हे इंजिन सुपरचार्जरनंतर सातशेच्या घरात जातं. मागे पाट्यांचं सस्पेन्शन असलेल्या सिल्व्हराडोलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. २००९ नंतरच्या रॅम १५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे तिथे पाट्यांचा भाग सोडून द्या.

आधी लक्षणं नीट ओळखा

"ग्रिप मिळत नाही" या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी बघायचं ते हे:

दोन्ही चाकं एकसारखी, गुळगुळीत फिरतात, इंजिनचा आवाज एकदम वर चढतो, पण गाडी शांतपणे सरकते. हा निव्वळ टायर, हवा किंवा जास्त टॉर्कचा प्रश्न.

मागचा अॅक्सल थडथड उड्या मारतो, हौदा हादरतो, सीटखाली कोणी हातोडा मारत असल्यासारखं वाटतं. याला व्हील हॉप म्हणतात. हा सस्पेन्शनचा बिघाड आहे आणि सगळ्यांत महाग पडणाराही हाच, कारण क्रॉस जॉइंट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा सांधा), अॅक्सल आणि डिफरन्शियलचे दात यातच जातात. हॉप सुरू झाला की त्याच क्षणी पाय उचला. "पुढे जाऊन पकडेल" असं म्हणत पाय दाबून ठेवू नका.

जमिनीवर एकच काळा पट्टा उमटतो, किंवा गाडी सुटताना एका बाजूला ओढते. डिफरन्शियल ताकद दोन्ही चाकांना वाटत नाही.

पहिले वीस-तीस फूट छान जाते आणि मग अचानक पकड सुटते. हे बहुतेक वेळा शॉकअप किंवा बम्प स्टॉपचं (अॅक्सल फार वर येऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याचं) काम असतं, कधी ट्यूनचं, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या संगणकातल्या सेटिंगचं.

गाडी सुटते, पण मध्येच दम टाकल्यासारखी मंदावते, डॅशवर घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह लुकलुकतं. तिथे ट्रॅक्शन कंट्रोल चालू राहिलेला आहे.

पैसे न लागणारी तपासणी: चिठ्ठी, फोन आणि डांबरावरचे पट्टे

रन संपल्यावर मिळणारी टाइम स्लिप खिशात कोंबू नका. तिच्यावरचा ६० फुटांचा वेळ हाच या कामातला खरा मोजमापाचा आकडा आहे. साध्या टायरवर असा ट्रक ६० फुटांना २.१ ते २.३ सेकंद घेतो. ड्रॅग रेडियल (मऊ रबराचे शर्यतीचे टायर) आणि नीट बसवलेलं सस्पेन्शन असेल तर १.६-१.७ पर्यंत येतो. ६० फुटांत वाचलेला एक दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण दीड-दोन दशांश होऊन परत मिळतो, इतका हा भाग मोलाचा आहे.

शेवटचा वेगही बघा. ४,४०० पाउंडांचा ट्रक पाव मैलाच्या टोकाला ताशी ११८ मैलांचा वेग दाखवतो आणि वेळ मात्र १२.६ सेकंद, तर इंजिनमध्ये काहीही कमी नाही. एवढ्या वेगाला वेळ साडेअकराच्या आसपास यायला हवी. तो सेकंदभर सुरुवातीच्या रेषेवर सांडला. अशा वेळी लोक आणखी ताकदीसाठी सुपरचार्जरची पुली लहान करायला निघतात. त्यांना मी कळकळीने सांगतो, थांबा, त्या पैशांनी टायर घ्या.

मित्राला कडेला, प्रेक्षकांच्या जागेतच उभं करून फोनवर स्लो-मोशनमध्ये मागच्या चाकाचं चित्रण करायला सांगा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं त्यात दिसतं: टायरच्या बगला आधी सुरकुततात का, रिम टायरच्या आत फिरते का, अॅक्सलचं नाक वर उचललं जातं का. मग गाडी परत आणताना लेनमधले किंवा बर्नआउटच्या (सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर गरम करण्याच्या) जागेचे स्वतःचे पट्टे पाहा. पट्टा मधोमध गडद आणि कडांना फिका असेल तर हवा जास्त आहे. कडा गडद आणि मधला भाग फिका, तर हवा कमी. पट्टा तुटक-तुटक, ठिपक्यांसारखा असेल तर तो हॉप, मग गाडी चालवणाऱ्याला जाणवला असो वा नसो.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर ६० फुटांचा आकडा लिहून ठेवा. हवा, लाँचचा आरपीएम आणि शॉकअपचं सेटिंग एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

हवा आणि बर्नआउट

दोन्ही मागच्या टायरांत हवा अगदी सारखी हवी. पेट्रोल पंपावरचं मीटर विसरा. ० ते ३० पीएसआय दाखवणारं, कमी दाबाचं स्वतःचं गेज घ्या, कारण इथे एका पीएसआयचा फरकही ६० फुटांत उतरतो. ड्रॅग रेडियल असतील तर एवढ्या जड ट्रकला मी २०-२२ पासून सुरुवात करतो आणि एकेक पीएसआय खाली येतो. वेळ सुधारायचा थांबला की एक पीएसआय परत वर. टायर बनवणाऱ्याने दिलेल्या किमान दाबाच्या खाली कधीच जायचं नाही, कारण शंभर मैलांच्या पुढे मऊ पडलेल्या बगला ट्रकचं शेपूट डोलवतात. साध्या रस्त्याच्या टायरांना हवा कमी करून फारसं काही मिळत नाही. २८ च्या खाली गेलं की मधला भाग आत दुमडतो आणि जमिनीला टेकणारा भाग उलट घटतो. घरी निघण्याआधी हवा पुन्हा भरायची, हे हायवेवर चढल्यावर आठवून उपयोग नाही.

बर्नआउटबद्दल फार गैरसमज आहेत. साधे खोल खाचांचे टायर असतील तर पाण्याच्या खड्ड्याला वळसा घालून जा. त्या खाचा पाणी धरून ठेवतात, चाकाच्या कमानीतून ते टपकतं आणि तुम्ही ते थेट सुरुवातीच्या रेषेवर नेऊन सांडता. तुमच्यासाठीही वाईट आणि मागच्या गाडीसाठीही. ड्रॅग रेडियल असतील तर पुढची चाकं पाण्याबाहेरून न्या, मागची जेमतेम भिजवा, पाण्याच्या पुढे सरका आणि मग फिरवा. धूर नुकता उठू लागला की सोडा. टायरवरची धूळ-खडे जाऊन वरचा थर गरम होणं, एवढंच त्यातून हवं असतं. ढगभर धूर काढलात तर रबर तेलकट होतं आणि पकड घटते.

टायरचं वयही याच वेळी पाहून घ्या. बगलेवर डीओटी खुणेच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. मऊ रबराचे टायर गरम-गार होऊन आणि वर्षं लोटून कडक होतात, खाचा शिल्लक असल्या तरी. नखाने दाबून पाहा. नवं रबर नखाची खूण धरतं, जुनं धरत नाही.

बटण, पाय आणि रेषेवरची जागा

ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण एकदा दाबलं की सगळं बंद झालं असं होत नाही. एफ-१५० मध्ये ते काही सेकंद दाबून धरावं लागतं आणि डॅशवर संदेश येईपर्यंत हात काढायचा नाही. ट्रॅकवरून परतताना ते पुन्हा चालू करा. ओल्या रस्त्यावर सातशे हॉर्सपॉवर आणि रिकामा हौदा हे जीवघेणं समीकरण आहे.

मग पायाचं कौशल्य. ब्रेक दाबून इंजिन २,००० च्या वर चढवून सुटणं टायर गरम आणि ट्रॅक चिकट असेल तरच कामाचं. साध्या टायरवर आयडलच्या थोडं वरून सुटा आणि गाडी हलल्यावर पाय हळूहळू खाली न्या. असं केल्याने वेळ सुधारला तर समजा, बिघाड टायरच्या क्षमतेचा आहे आणि इतर सगळं ठीक आहे. फुकटात होणारी ही सर्वांत बोलकी चाचणी आहे.

ट्रॅकचंही बघा. डॅलसच्या दक्षिणेला एनिसचं टेक्सास मोटरप्लेक्स १९८६ पासून आहे आणि तिथली पट्टी सबंध काँक्रीटची आहे. वरून चिकट द्रावण फवारतात. जुलैच्या भर दुपारी तोच थर वितळून निसरडा होतो, तर सूर्य कलल्यावर तीच गाडी कसलाही बदल न करता चांगली सुटते. म्हणून दुपारच्या एका वाईट रनवरून सस्पेन्शन खोलायला बसू नका. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या व्हॅली रनसाठी हे वाचणाऱ्यांनी इथले हवेचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. विमानांसाठी बांधलेल्या पृष्ठभागावर सुरुवात नव्याने करावी लागते.

हौद्यात वाळूची पोती टाकू नका

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, त्यात २०१५ पासून एफ-१५० चं अंग अॅल्युमिनियमचं. त्यामुळे मागे वजन टाकायची कल्पना सगळ्यांना सुचते. पण सुटी पोती, पाण्याचे कॅन, सुटी वजनं एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या) नियमांत चालत नाहीत आणि ते योग्यच आहे: शंभर मैलांवर ब्रेक लागला की ती पोती केबिनच्या मागच्या काचेवर येतात. वजन वाढवायचंच असेल तर ते चासीला बोल्टने घट्ट बांधलेलं हवं. त्याआधी पुढच्या बाजूच्या जड गोष्टी काढता येतात का ते बघा. मी तरी वजन वाढवण्याच्या बाजूने नाही. वाढवलेला प्रत्येक पाउंड पुढच्या १,३२० फुटांवर ओढत न्यावा लागतो.

गाडीखाली शिरा

आता जॅक, स्टँड आणि एक टॉर्क पाना. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हे सांगायला नको तरीही सांगतो.

मागे पाटे असलेल्या गाडीत टॉर्क लागला की अॅक्सलचं हाउसिंग उलट्या दिशेने फिरू पाहतं. त्याला धरून ठेवणारे फक्त पाटे असतात. ओला टॉवेल पिळावा तसे ते पिळले जाऊन इंग्रजी एस अक्षरासारखे होतात, टायरची पकड सुटते, पाटे झटक्यात सरळ होतात, पुन्हा पकड, पुन्हा पीळ. हाच तो हॉप.

पहिल्यांदा यू-बोल्ट पाहा. अॅक्सल जिथे पाट्यांवर बसतो तिथली प्लेट थोडी सरकली असेल तर मूळ जागेशेजारी रंग घासून उघडी पडलेली चकचकीत रेघ दिसते, कधी तिच्याभोवती तांबूस भुकटी. ती दिसली म्हणजे अॅक्सल हलतोय. मधली पिन अर्धवट कातरलेली असू शकते. यू-बोल्ट गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकातल्या आकड्याला आवळा, आणि ते कधी सोडवले असतील तर जुनेच परत घालू नका. ताणलेला यू-बोल्ट आवळ धरत नाही. मग पाट्याच्या पुढच्या टोकाचं रबरी बुश पाहा. पहार लावून हलवल्यावर डोळ्यांना खेळ दिसला तर ते बदलायचं. क्रॉस जॉइंटच्या कपांभोवती गंजाची तांबडी पूड दिसली तर आतलं ग्रीस संपलं आहे, आणि अशा जॉइंटवर एकही लाँच करू नका.

शॉकअपच्या दांड्याला प्लास्टिकचा झिप-टाय घट्ट बांधा आणि एक रन करा. दांडा किती आत गेला ते झिप-टाय सरकून दाखवतो. तो पार टोकाला गेला असेल तर अॅक्सल बम्प स्टॉपवर आदळतोय आणि त्या धक्क्याने टायर क्षणभर हलका होतो. खाली बसवलेल्या, म्हणजे लोअर केलेल्या ट्रकमध्ये हे हमखास सापडतं. "मागचा भाग जितका बसेल तितकी पकड" हा समजही इथे सोडा. मागे सरकणारं वजन ठरतं ते गुरुत्वमध्याची उंची, दोन अॅक्सलमधलं अंतर आणि प्रवेग यांवर. मागचा भाग बसलेला दिसणं म्हणजे टायरवर जास्त भार, असं नाही.

एकच पट्टा उमटत असेल तर

ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर अॅक्सलचा कोड असतो. डीलरला किंवा पुस्तकात तो विचारून आपल्या गाडीत उघडं डिफरन्शियल (सैल चाक एकटंच फिरू देणारं) आहे, क्लचचं लिमिटेड स्लिप (तो फरक आवरणारं) की इलेक्ट्रॉनिक लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा), हे आधी नक्की करा. कित्येकांना स्वतःच्या ट्रकमध्ये लिमिटेड स्लिप आहे असं वाटत असतं आणि नसतं. क्लचवालं असेल तर तेल बदलताना त्यात फ्रिक्शन मॉडिफायर (क्लचसाठी तेलात घालायचं द्रव्य) घातलं होतं का ते विचारा. पुढची चाकं अडवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, एक मागचं चाक उचला आणि टॉर्क पान्याने फिरवून पाहा. पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या खूप खाली फिरलं तर क्लच झिजले. सिल्व्हराडोच्या जी८० लॉकरबद्दल एक सावधगिरी: तो दोन चाकांच्या वेगात फरक पडल्यावरच लॉक होतो, म्हणजे एक चाक आधी फिरलेलं असतं. चिकट ट्रॅकवर पूर्ण ताकदीने तो असा झटक्यात लॉक होणं त्याच्या दातांना सोसत नाही.

पैसे कुठे घालायचे

आधी टायर. मिकी थॉम्पसन ईटी स्ट्रीट एसएससारखे रस्त्यावरही चालवता येणारे ड्रॅग रेडियल घ्या. ट्रकचं वजन पेलणारा लोड इंडेक्स आहे ना ते बघा, आणि अशा टायरवर ट्रेलर ओढू नका. त्यानंतर ट्रॅक्शन बार. पाट्यांच्या गाडीला कॅलट्रॅक्ससारखा बार पाट्याचा पुढचा अर्धा भाग पिळू देत नाही आणि अॅक्सलची फिरण्याची ओढ टायर खाली दाबायला वापरतो. बारचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) दोन्ही बाजूंना ड्रायव्हर सीटवर बसलेला असताना लावा, नाहीतर गाडी एका कुशीवर सुटते. हॉप असलेल्या ट्रकला बार न लावता ड्रॅग रेडियल लावले तर तुटण्याची शक्यता वाढते, कारण आता टायर सोडत नाही. ज्यांना हॉप आहे त्यांनी हे दोन्ही एकाच वेळी घ्यावं, भले दोन महिने थांबावं लागलं तरी चालेल.

सगळं केलं तरी पुरेना, तर गणित मांडून बघा. ६०० पाउंड-फूट टॉर्क, दहा-गिअरच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ४.७०, मागचा रेशो ३.५५. गुणाकार दहा हजारांच्या घरात जातो. १४ इंच त्रिज्येच्या टायरवर तो साधारण साडेआठ हजार पाउंडांचा रेटा, आणि टॉर्क कन्व्हर्टरने (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या जोडणीने) वाढवलेला भाग यात धरलेलाच नाही. आता टायरची बाजू: ४,४०० पाउंडांचा ट्रक, मागे ४२ टक्के वजन, १२२ इंच व्हीलबेस (दोन अॅक्सलमधलं अंतर), गुरुत्वमध्याची उंची अंदाजे २८ इंच. पूर्ण एक जी प्रवेगाने सुटला तरी मागच्या चाकांवर येणारा भार २,८५० पाउंडांच्या आसपास. ट्रक तेवढ्या प्रवेगाने ढकलायला ४,४०० पाउंडांचा रेटा पुरतो आणि तेवढ्यासाठीसुद्धा टायरची पकड त्याच्यावरच्या भाराच्या दीडपट लागते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये तुमच्या हातात गरजेच्या जवळपास दुप्पट रेटा आहे. तो कोणताही टायर पचवणार नाही. मग ट्यूनरकडून पहिल्या गिअरमधला टॉर्क कमी करून घेणं हाच उपाय. दुसरा गिअर २.९९ चा आहे, तिथे बरीच जास्त ताकद सोडता येते. अंगात एवढी ताकद असताना ती कमी करायला मन धजत नाही, हे मला समजतं. ६० फुटांची चिठ्ठी पाहिल्यावर धजतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

ट्यून स्वतः करू नका; गिअरप्रमाणे टॉर्क मर्यादा बदलताना चूक झाली तर गिअरबॉक्सचे क्लच जळतात. पिनियनचा कोन, म्हणजे डिफरन्शियलचं नाक ड्राइव्हशाफ्टच्या तुलनेत किती खाली झुकलंय तो कोन, डिजिटल मापकाने मोजणं घरी जमतं. तो बदलायला पाचर घालणं किंवा अॅक्सलवरची बैठक वेल्ड करणं मात्र ड्राइव्हलाइनच्या दुकानाचं काम. डिफरन्शियल उघडून क्लच बदलणं, दातांची बैठक जुळवणं, हेही तसंच.

गाडी सोडताना किंवा गिअर टाकताना धातूचा "ठक" आवाज, ठराविक वेगाला येणारी थरथर, बैठकीच्या वेल्डला केसासारखी भेग, टायरमध्ये दिसणारे धागे, यांतलं एकही दिसलं तर त्या दिवशी पुन्हा रेषेवर जाऊ नका. एनएचआरएच्या नियमांप्रमाणे पाव मैलात १३.९९ किंवा त्याहून जलद गाडीला हेल्मेट लागतं, आणि स्लिक (खाचा नसलेले शर्यतीचे) टायर घालून त्या वेळेत जाणाऱ्या गाडीला ड्राइव्हशाफ्टभोवती कडंही. रस्त्याच्या टायरवर ११.४९ किंवा त्याहून जलद गेलात की तेच कडं आवश्यक होतं. टायर सुधारल्यावर हा ट्रक त्या वेळेला सहज पोचतो, म्हणून कडं टायरबरोबरच बसवून घ्या. सुटलेला शाफ्ट जमिनीत रुतला तर ट्रक उलटू शकतो. ट्रॅकवर टेक तपासणी करणाऱ्याने नाही म्हटलं तर वाद घालायचा नाही. आणि पिनियन सीलजवळ तेलाचा ओला डाग दिसला तर ट्रक ट्रेलरवर चढवून घरी न्या, कारण तुमच्या लेनमधलं तेल पुढच्या गाडीच्या टायरखाली येणार आहे.